जन्मगाव हा दोष नव्हे : कामाच्या ठिकाणी मूळ प्रदेशावरून होणारा भेदभाव आणि कायद्याचे संरक्षण



सोयाबीनची मळणी आटोपली, दिवाळी सरली की वाशिम जिल्ह्यातील अनेक गावांतून आणि तांड्यांतून माणसे कामाच्या शोधात बाहेर पडू लागतात. कोणी पश्चिम महाराष्ट्रात ऊसतोडीला जातो, कोणी पुण्या-मुंबईच्या बांधकामांवर, तर कोणी राज्याची सीमा ओलांडून गुजरात किंवा तेलंगणात जातो. दि. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झालेला हा सहा तालुक्यांचा जिल्हा प्रामुख्याने पावसाच्या शेतीवर अवलंबून आहे. खरीप संपला की हाताला पुरेसे काम उरत नाही, आणि म्हणून स्थलांतर हा येथील असंख्य कुटुंबांच्या जीवनाचा भाग बनला आहे.

त्याच वेळी दुसरा एक प्रवाह आपल्या जिल्ह्यात येत असतो. मालेगाव, मंगरुळपीर व कारंजा परिसरातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गासारख्या मोठ्या कामांवर परराज्यांतील मजूर राबले. हॉटेलांत, फरशी बसविण्याच्या कामांत, रंगकामात आजही उत्तरेकडील तरुण दिसतात. म्हणजे आपण एकाच वेळी जाणारेही आहोत आणि येणाऱ्यांना कामावर ठेवणारेही आहोत.

जाणाऱ्याला आणि येणाऱ्याला कामाच्या दारात एकच प्रश्न विचारला जातो : “कुठले तुम्ही?” हा प्रश्न आपुलकीचाही असू शकतो. परंतु त्याच्या उत्तरावर मजुरी ठरू लागली, राहण्याची जागा ठरू लागली, कोणाला धोक्याचे काम द्यायचे आणि कोणाचे पैसे अडवायचे हे ठरू लागले, की तो भेदभाव होतो. अशा भेदभावाविरुद्ध कायदा काय देतो, काय देत नाही, आणि जे देतो ते मिळवावे कसे, हे या लेखात पाहू.

भेदभाव कशास म्हणावे?

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९५८ साली नोकरी व व्यवसायातील भेदभावासंबंधी १११ क्रमांकाचा करार संमत केला. भारताने त्यास १९६० साली मान्यता दिली. वंश, वर्ण, लिंग, धर्म, राजकीय मत, राष्ट्रीय मूळ किंवा सामाजिक मूळ या कारणांवरून माणसाची समान संधी वा समान वागणूक हिरावून घेतली गेली, तर त्यास हा करार भेदभाव मानतो. येथे ‘राष्ट्रीय मूळ’ याचा अर्थ केवळ नागरिकत्व असा नाही. एकाच देशाच्या नागरिकांमध्ये जन्मस्थान, पूर्वज किंवा परकीय वंशपरंपरा यांवरून केलेला फरकही त्यात येतो.

मात्र प्रत्येक अट भेदभाव ठरत नाही. कामाच्या स्वरूपासाठी खरोखर आवश्यक असलेली पात्रता मागता येते. गावातील लोकांशी रोज व्यवहार करणाऱ्या कर्मचाऱ्यास मराठी यावी, ही अट रास्त आहे. परंतु विटा वाहणाऱ्या मजुराला केवळ बोली वेगळी म्हणून कमी मजुरी देणे रास्त नाही. पहिल्या अटीचा संबंध कामाशी आहे. दुसऱ्या प्रकारात फक्त माणसाचे मूळ पाहिले जाते.

संविधान काय म्हणते?

भारतीय संविधानाचा अनुच्छेद १४ कायद्यापुढील समानता देतो, आणि ती केवळ नागरिकांना नव्हे तर या भूमीवरील प्रत्येक व्यक्तीस देतो. अनुच्छेद १९ नागरिकाला देशात कोठेही संचार करण्याचा, कोठेही राहण्याचा आणि कोणताही व्यवसाय करण्याचा हक्क देतो, अर्थात वाजवी निर्बंधांच्या अधीन राहून.

आपल्या विषयाशी सर्वांत जवळचा आहे तो अनुच्छेद १६. शासकीय नोकरीच्या बाबतीत केवळ धर्म, वंश, जात, लिंग, कूळ, जन्मस्थान किंवा निवास या कारणांवरून कोणीही नागरिक अपात्र ठरणार नाही, असे तो सांगतो. यातील ‘निवास’ हा शब्द मूळ मसुद्यात नव्हता. १९४८ साली संविधान सभेतील चर्चेत तो घालण्यात आला. एका प्रांताच्या माणसाला दुसऱ्या प्रांतात परका ठरवावयाचे असेल, तर एक देश आणि एक नागरिकत्व यांना अर्थ तो काय, ही भावना त्यामागे होती. त्याचबरोबर काही पदांसाठी निवासाची अट आवश्यक वाटल्यास ती घालण्याची मुभा ठेवण्यात आली. परंतु तो अधिकार राज्यांच्या विधिमंडळांना न देता केवळ संसदेला देण्यात आला.

हा नियम पुस्तकात पडून राहिलेला नाही. राजस्थानात जिल्हा परिषदांच्या शिक्षक भरतीत त्या त्या जिल्ह्यातील रहिवाशांना व ग्रामीण उमेदवारांना अधिकचे गुण देण्यात येत होते. कैलाशचंद शर्मा खटल्यात २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत घटनाबाह्य ठरविली. आपल्या जिल्ह्याच्या उमेदवाराला झुकते माप मिळावे असे कोणालाही वाटेल. परंतु हाच नियम प्रत्येक जिल्ह्याने केला, तर वाशिमच्या मुलाला वाशिमबाहेर दार बंद होईल, हे ध्यानात घ्यावयास हवे.

याचा अर्थ मागे पडलेल्या प्रदेशाकडे संविधान डोळेझाक करते असा नाही. दि. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात विदर्भाला शासकीय सेवांमध्ये लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा देण्याचे आश्वासन होते. अनुच्छेद ३७१ (२) मध्येही विदर्भ, मराठवाडा व उर्वरित महाराष्ट्र यांना तंत्रशिक्षणाच्या सोयी आणि राज्याच्या सेवांत नोकरीच्या संधी न्याय्य रीतीने मिळाव्यात, अशी तरतूद आहे. त्यासाठी १९९४ साली स्थापन झालेल्या विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. अनुच्छेद मात्र संविधानात कायम आहे. मागासलेल्या प्रदेशाला हात देणे आणि दुसऱ्या प्रदेशाच्या माणसाला लाथाडणे यांत फरक आहे, आणि संविधान तो फरक करते.

मालक खाजगी असेल तर?

येथे एक कटू सत्य सांगणे भाग आहे. अनुच्छेद १६ हा शासनाला बांधून ठेवतो. खाजगी कंत्राटदार, कारखानदार किंवा दुकानदार यांना नाही. खाजगी मालकाने मूळ प्रदेशावरून भेदभाव करू नये, असे सरळ व सर्वसाधारण शब्दांत सांगणारा एकही कायदा आपल्या देशात नाही. वेतन संहिता, २०१९ ही मजुरी व भरतीतील भेदभावास मनाई करते, परंतु ती लिंगाच्या कारणावरून. मूळ प्रदेशाचा उल्लेख तेथे नाही.

तरीही खाजगी कामगार अगदी उघड्यावर पडलेला नाही. त्याला पुढील चार आधार आहेत.

पहिला आधार अनुच्छेद २३ चा. वेठबिगार व सक्तीचे श्रम यांना मनाई करणारा हा अनुच्छेद खाजगी व्यक्तींनाही लागू होतो. दिल्लीतील १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामांवर दूरदूरहून आलेल्या मजुरांना किमान वेतन मिळत नव्हते. त्यांच्या वतीने केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी निर्णय दिला की, किमान वेतनापेक्षा कमी मोबदल्यात काम करवून घेणे हेदेखील सक्तीचे श्रमच होत. उपासमारीपोटी माणूस कमी पैशांस ‘हो’ म्हणतो. ती त्याची खरी संमती नव्हे.

दुसरा आधार अनुचित कामगार प्रथांविषयीचा. महाराष्ट्राचा १९७१ चा कामगार संघटनांना मान्यता व अनुचित प्रथा प्रतिबंध कायदा आणि केंद्राची औद्योगिक संबंध संहिता, २०२० या दोहोंच्या यादीत एक महत्त्वाची नोंद आहे : गुणवत्ता न पाहता कामगारांच्या एका गटाला झुकते माप देणे. “आपल्याकडच्यांना” हलके काम व बढती आणि “बाहेरच्यांना” रात्रपाळी, असा प्रकार या नोंदीत बसू शकतो. १९७१ च्या कायद्याखाली अशी तक्रार ९० दिवसांत करावी लागते.

तिसरा आधार संघटनांच्या नियमांविषयीचा. मुंबईच्या चित्रपटसृष्टीतील रंगभूषाकार व केशभूषाकारांच्या एका संघटनेत स्त्रियांना रंगभूषाकार म्हणून सदस्यत्व मिळत नसे, आणि महाराष्ट्रात पाच वर्षे वास्तव्य असल्याचीही अट होती. सदस्यत्व नाही तर काम नाही, अशी अवस्था होती. चारू खुराना खटल्यात १० नोव्हेंबर २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या दोन्ही अटी रद्द केल्या. नोंदणीकृत कामगार संघटनेला संविधानाशी विसंगत नियम करता येत नाहीत, हे त्यातून स्पष्ट झाले.

चौथा आधार फौजदारी कायद्याचा. ऑक्टोबर २००८ मध्ये मुंबईत रेल्वे भरतीची परीक्षा देण्यासाठी आलेल्या उत्तर भारतीय उमेदवारांना मारहाण झाली होती, ती अनेकांना आठवत असेल. जन्मस्थान, निवास किंवा भाषा यांवरून लोकांच्या गटांत शत्रुत्व वाढविणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ खाली गुन्हा आहे. ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. जुन्या दंड संहितेतही अशीच तरतूद होती.

स्थानिकांना प्राधान्य देण्याचा प्रश्न येथे ओघाने येतोच. शासकीय सवलती घेणाऱ्या उद्योगांनी ८० टक्के नोकऱ्या स्थानिकांना द्याव्यात, असे महाराष्ट्र शासनाचे धोरण आहे. हरियाणाने एक पाऊल पुढे जाऊन खाजगी क्षेत्रातील ३०,००० रुपयांपर्यंतच्या पगाराच्या ७५ टक्के नोकऱ्या कायद्यानेच स्थानिकांसाठी राखून ठेवल्या. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने १७ नोव्हेंबर २०२३ रोजी तो कायदा घटनाबाह्य ठरविला, आणि त्या राज्याने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. प्राधान्याविषयी मतभेद असू शकतात. पण प्राधान्याचे धोरण कामावर घेतलेल्या परप्रांतीयाला कमी मजुरी देण्याचा किंवा त्याचा अपमान करण्याचा परवाना मुळीच देत नाही.

राज्याची सीमा ओलांडून जाणारा मजूर

कंत्राटदारामार्फत परराज्यात नेल्या जाणाऱ्या मजुरांसाठी १९७९ साली आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा झाला. तेच किंवा तशाच स्वरूपाचे काम करणाऱ्या स्थानिक मजुरापेक्षा परराज्यातील मजुराला कमी वेतन देता येणार नाही, हे त्या कायद्याचे मोठे तत्त्व होते. मजुराला छायाचित्रासह पासबुक, प्रवासभत्ता, विस्थापन भत्ता, निवास व औषधोपचार देण्याचे बंधनही त्यात होते.

हा कायदा आता व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाच्या परिस्थितीविषयक संहिता, २०२० मध्ये विलीन झाला असून ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली आहे. तिच्यातील प्रमुख गोष्टी अशा :

१. कंत्राटदारामार्फत गेलेल्या मजुराबरोबरच स्वतःहून दुसऱ्या राज्यात जाऊन काम मिळविणाराही आता आंतरराज्य स्थलांतरित कामगार मानला जातो. दरमहा १८,००० रुपयांची वेतनमर्यादा त्यास आहे.

२. त्या आस्थापनेतील इतर कामगारांना मिळणारे सर्व लाभ, भविष्य निर्वाह निधी व राज्य विमा योजना धरून, या कामगारालाही द्यावे लागतात.

३. कामावर मृत्यू किंवा गंभीर इजा झाल्यास दोन्ही राज्यांच्या अधिकाऱ्यांना व नातेवाइकांना कळविणे बंधनकारक आहे.

४. विहित काळ काम केलेल्यास मूळ गावी जाऊन येण्यासाठी वर्षातून एकदा प्रवासभत्ता मिळतो.

५. कामगाराला नेमणूकपत्र देणे मालकावर बंधनकारक आहे.

काही बाबतींत मात्र पाऊल मागेही पडले आहे. जुना कायदा पाच स्थलांतरित मजूर असलेल्या आस्थापनेस लागू होई. नव्या संहितेतील या तरतुदींसाठी ही संख्या दहा आहे. विस्थापन भत्ताही नव्या संहितेत उरलेला नाही. लहान टोळीने जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

राज्यातल्या राज्यात जाणारा

मानोऱ्याच्या तांड्यावरून कोल्हापूर वा सांगलीच्या उसाच्या फडात जाणारे कुटुंब शेकडो किलोमीटर दूर जाते, पण राज्याची सीमा ओलांडत नाही. त्यामुळे आंतरराज्य कामगारांच्या तरतुदी त्यांना लागू होत नाहीत. त्यांच्यासाठी खरा आधार आहे तो किमान वेतनाचा, आणि वेठबिगार पद्धती निर्मूलन कायदा, १९७६ चा.

मुकादमाकडून घेतलेली उचल हा येथील कळीचा प्रश्न आहे. उचल घेणे हा गुन्हा नाही. परंतु उचल फिटेपर्यंत जाऊ न देणे, दुसरीकडे काम करू न देणे, किमान वेतनापेक्षा कमी देऊन राबविणे, हे वेठबिगारीचे लक्षण ठरू शकते. अशा वेळी १९७६ च्या कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. वेठबिगारी सिद्ध झाल्यास ते कर्जच कायद्याने नष्ट होते. परमुलखात ओळख नसलेल्या, आपले कोणी नसलेल्या माणसालाच सहसा असे अडकविले जाते. त्याचे परकेपण हीच मालकाची सोय होते.

जातीचा दाखला आणि राज्याची सीमा

आपल्या जिल्ह्यातील बंजारा बांधवांना एक गोष्ट नेहमी गोंधळात टाकते. हा समाज महाराष्ट्रात विमुक्त जातींत, तेलंगणात अनुसूचित जमातींत आणि कर्नाटकात अनुसूचित जातींत गणला जातो. मग तेलंगणात कामाला गेलेल्या वाशिमच्या तरुणाला तेथील आरक्षण मिळेल काय? याचे उत्तर नाही असेच आहे. आंध्र प्रदेशातून मुंबईत आलेल्या कुटुंबातील एका विद्यार्थ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली ठरविले की, एका राज्यातील अनुसूचित जाती वा जमातीचा दर्जा स्थलांतरानंतर दुसऱ्या राज्यातील आरक्षणासाठी चालत नाही. आरक्षण सीमेवर थांबते. समान मजुरीचा व सन्मानाचा हक्क मात्र थांबत नाही.

परदेशी गेलेल्यांसाठी

ज्यांची मुले परदेशी आहेत त्यांच्यासाठी थोडेसे. अमेरिकेच्या १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने राष्ट्रीय मुळावरून नोकरीत भेदभाव करण्यास मनाई केली असून तो १५ किंवा अधिक कर्मचारी असलेल्या मालकांना लागू आहे. जन्मस्थान, पूर्वज यांच्याबरोबरच केवळ उच्चाराच्या ढबीवरून केलेला भेदही त्यात येऊ शकतो. ब्रिटनच्या २०१० च्या समानता कायद्यात ‘वंश’ या शब्दाखाली राष्ट्रीयत्व व राष्ट्रीय मूळ यांचा समावेश आहे. संयुक्त अरब अमिरातीच्या २०२१ च्या कामगार कायद्यानेही राष्ट्रीय वा सामाजिक मुळावरून भेदभावास मनाई केली आहे.

आखाती देशांत जाणाऱ्यांनी १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी झालेल्या दलालामार्फतच जावे. त्याचे सेवाशुल्क ३०,००० रुपये व त्यावरील कर यांपेक्षा अधिक असू शकत नाही. कराराची प्रत निघण्यापूर्वीच घरी ठेवावी. अडचण आल्यास भारतीय वकिलातीशी किंवा परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ या संकेतस्थळावर संपर्क साधावा.

काय करावे?

१. निघण्यापूर्वी ई-श्रम नोंदणी करून घ्यावी. असंघटित कामगारांसाठी ही नोंदणी २६ ऑगस्ट २०२१ रोजी सुरू झाली. शिधापत्रिका परराज्यातही चालते. ती सोबत असावी.

२. मुकादम, कंत्राटदार आणि मूळ मालक या तिघांची नावे व पत्ते लिहून एक प्रत घरी ठेवावी.

३. हजेरी, मिळालेली रक्कम आणि उचल यांची नोंद स्वतःच्या वहीत रोज करावी. नेमणूकपत्र व वेतनचिठ्ठी मागावी.

४. भेदभाव झाल्यास तुलना नोंदवावी : तेच काम कोण करतो, त्याला किती मिळते, मला किती मिळते. “मला वाईट वागविले” यापेक्षा “त्याच कामाचे त्याला इतके, मला इतके” हे म्हणणे अधिक टिकते.

५. वेतनाचा दावा वेतन संहितेनुसार तीन वर्षांच्या आत करता येतो. पण थांबू नये. साक्षीदार पांगतात आणि कंत्राटदारही बदलतात.

६. वकील परवडत नसल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, औद्योगिक कामगार आणि वेठबिगारीचे बळी यांना १९८७ च्या कायद्याने विनामूल्य मदत मिळते. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा मदत क्रमांक १५१०० हा आहे.

ज्यांना लिहितावाचता येते त्यांनी आपल्या धर्मग्रामातील व शेजारच्या तांड्यावरील निघणाऱ्या कुटुंबांना ही वही घालून द्यावी, पत्ते उतरवून घ्यावेत. हे अर्ध्या तासाचे काम आहे. संकटाच्या वेळी तोच कागद कायद्याचे दार उघडतो.

शेवटी एकच विनंती. आपला भाऊ परमुलखात जेव्हा “कुठला तू?” या प्रश्नाला तोंड देत असतो, तेव्हा त्याला न्याय मिळावा असे आपल्याला मनापासून वाटते. आपल्या अंगणात भिंत रंगविणारा, आपल्या हॉटेलात भांडी घासणारा मुलगाही कोणाचा तरी भाऊ आहे. त्याचे गाव आपल्याला ठाऊक नसेल, पण त्याची मजुरी आपल्याला ठाऊक असते. कायद्याने खाजगी मालकासाठी जी जागा रिकामी ठेवली आहे, ती भरण्याचे काम आपल्या हातात आहे. शनिवारी हिशेब करताना स्थानिक मजुराला जितके देऊ, तितकेच त्याच्याही हातावर ठेवावे.